जाहिरातीचें नवें खातें

पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डांत नवखें गिऱ्हाईक आलें, तर पहिल्याच दिवशीं त्याला पन्नास पोतीं उधारीवर देणारा व्यापारी विरळा. प्रथम व्यवहार रोखीचा होतो. मग थोडी उधारी दिली जाते. ती वेळेवर फिटली म्हणजे पत हळूहळू वाढते. फेसबुक व इन्स्टाग्राम यांवर जाहिरात देण्यासाठीं जें खातें उघडावें लागतें, त्याची रीति याहून फारशी निराळी नाहीं. या दोन्ही माध्यमांची मालक असलेली मेटा ही अमेरिकन कंपनी नव्या जाहिरातदाराला अनोळखी गिऱ्हाईकच समजते. उधारीच्या खात्यांत खर्च थोड्याशा रकमेला पोंचतांच ती वसूल केली जाते, आणि वसुली विनातक्रार होत गेली म्हणजे ही मर्यादा वाढत जाते. उलट पहिल्याच आठवड्यांत मोठी रक्कम ओतली, किंवा एकामागून एक कार्डें बदलून पाहिलीं, तर कंपनीच्या यंत्राला संशय येतो व खातें गोठविलें जातें. ही तपासणी बहुतांशीं यंत्रच करतें, आणि यंत्राची समजूत घालणें गाळ्यावरच्या शेटजींची समजूत घालण्याइतकें सोपें नाहीं.

वर्तमानपत्रांतील जाहिरातीचे पैसे एकदां मोजले कीं व्यवहार संपतो. येथें मात्र खातें उघडेंच राहतें आणि दुकानाला कुलूप लागल्यावरही रात्रभर खर्च चालू असतो. दररोजची रक्कम ठरवून देतां येते हें खरें. परंतु एखाद्या दिवशीं तिच्याहून अधिक खर्च होऊं शकतो, कारण कंपनी हिशेब आठवड्याचा, म्हणजे त्या रकमेच्या सातपटीचा, धरते. यासाठीं दररोजच्या रकमेखेरीज संपूर्ण खात्याचीही खर्चमर्यादा प्रथमच घालून ठेवावी. त्याहून सुरक्षित मार्ग म्हणजे यूपीआयनें आगाऊ रक्कम भरण्याचा. जेवढे पैसे भरले तेवढेच खर्चीं पडतात, व खातें चोराच्या हातीं गेलेंच तर त्याला शिल्लक तेवढीच सांपडते.

खरा घोटाळा होतो तो मालकीच्या बाबतींत. मसाल्याचा किंवा सुक्या मेव्याचा व्यापारी स्वतः या फंदांत पडत नाहीं. मोबाईल जाणणारा भाचा किंवा दुकानांतील एखादा मुलगा आपल्याच नांवानें व आपल्याच दूरध्वनि-क्रमांकावर सर्व कांहीं उघडून देतो. या व्यवस्थेंत तीन मजले आहेत: तळाशीं माणसाचें व्यक्तिगत खातें, त्यावर दुकानाचें पान, आणि त्यावर जाहिरातीचें खातें. तळचा मजला ज्याचा, त्याच्याच हातीं वरचे दोन्ही. तो मुलगा नोकरी सोडून गेला, कीं दुकानाचें पान व चार वर्षांचे ग्राहक त्याच्या खिशांतून बाहेर पडतात. तिजोरीची किल्ली नोकराच्या घरीं ठेवणारा व्यापारी यार्डांत शोधूनही सांपडणार नाहीं. येथें मात्र तोच शहाणा माणूस तें बिनदिक्कत करतो! मालकानें स्वतः, व घरांतील आणखी एका विश्वासू व्यक्तीनें, पूर्ण अधिकार आपल्याकडे ठेवावेत. दोघांच्याही व्यक्तिगत खात्यांना दुहेरी पडताळणी लावावी, आणि त्या वेळीं मिळणारे राखीव संकेतांक कागदावर उतरून ठेवावेत. जाहिरात करणारी बाहेरची संस्था नेमली, तर तिला पासवर्ड न देतां मर्यादित अधिकार देण्याची सोय त्याच ठिकाणीं आहे. काम संपलें कीं तो अधिकार काढून घेतां येतो. बाजारांत जुनीं, 'पत असलेलीं' खातीं विकत किंवा भाड्यानें मिळतात. त्यांच्या वाटेस जाऊं नये.

नव्या खात्याभोंवतीं ठकही लवकर जमतात. 'तुमच्या पानानें नियमभंग केला आहे, चोवीस तासांत तें बंद होईल' असा संदेश कंपनीच्या नांवानें येतो व खालीं एक लिंक असते. ती उघडून पासवर्ड भरला कीं खातें गेलें. अशा वेळीं लिंकला हात न लावतां नेहमींच्या मार्गानें आपल्या खात्यांत शिरावें. नियमभंगाची खरी सूचना असेल तर ती आंतच दिसते.

आंब्याच्या हंगामांत आणखी एक मोह होतो. हापूस या नांवाला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें असून तें रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या जिल्ह्यांतील फळांपुरतें आहे. कर्नाटकाची पेटी 'रत्नागिरी हापूस' म्हणून मिरविली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें फसव्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. शिवाय जाहिराती वारंवार नाकारल्या गेल्या, तर खातेंही बंद पडतें.

इतकेंही करून पैसे गेलेच, तर प्रथम बँकेला कळवून कार्ड बंद करावें व लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढें सरकण्यापूर्वीं ती अडविण्याचा संभव तेव्हांच अधिक असतो. खात्यांत अजून शिरतां येत असेल, तर प्रथम पासवर्ड बदलावा, आणि चालू जाहिराती थांबवून अधिकाऱ्यांच्या यादींत घुसलेलीं अनोळखी नांवें काढून टाकावींत.