रक्तातल्या खुणा (भाग ९) : नळी घातल्यावरचा पीएसए

आज ग्लीसन स्कोअर, म्हणजे बायोप्सीत दिसणाऱ्या कॅन्सरच्या आक्रमकतेचा आकडा, घ्यायचा होता. तो पुढच्या रविवारी. काटोलहून एका संत्रा बागायतदाराच्या मुलाचं पत्र आलंय, ते बाजूला ठेववेना. वडिलांची लघवी रात्री अडली, नळी घालावी लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासलं. पीएसए ३८. मुलगा विचारतो, ‘ही चौथी स्टेज समजायची का?’

नाही. मुळात रक्तच चुकीच्या दिवशी घेतलंय. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीतलं प्रथिन; वीर्य पातळ करणं हे त्याचं काम. त्याने ग्रंथीतच राहायचं. पण लघवी तुंबली, जंतुसंसर्ग झाला किंवा नळी सरकवताना ग्रंथी दुखावली की ते रक्तात उतरतं, कॅन्सर नसला तरी. आधी संसर्ग बरा होऊ द्या, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा. वडील फिनास्टेराइड घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. सहा महिन्यांत ती गोळी पीएसए जवळपास निम्म्यावर आणते. रिपोर्टातला ४ मग ८ धरावा लागतो.

१० च्या आत, १० ते २० आणि २० च्या वर या पीएसएच्या धोक्याच्या पायऱ्या तुम्ही वाचल्या असतील. त्या बायोप्सीत कॅन्सर सापडल्यानंतरच्या आहेत, आणि तेव्हाही ग्लीसन व गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी सोबत लागते. काही अतिशय आक्रमक गाठी तर पीएसए फारसं बनवतच नाहीत.

स्टेजचा खरा प्रश्न हाडांचा. हा कॅन्सर हाडात शिरला की तिथे वेडंवाकडं नवं हाड तयार होऊ लागतं आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं. यकृताच्या दुखण्यातही ते वाढतं, म्हणून दोन्ही बाजू पाहाव्या लागतात.

याच्या जुन्या भावंडावर, अ‍ॅसिड फॉस्फटेजवर, माझा फार जीव. पीएसए येण्याआधी आमची सारी भिस्त त्याच्यावर. हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ते रक्तात वाढतं, हे १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या गटमन दांपत्याने दाखवलं. १९४१ मध्ये शिकागोत चार्ल्स हगिन्सनी वृषणं काढलेल्या रुग्णांत तेच उतरताना मोजलं आणि हार्मोन तोडण्याचा उपचार उभा राहिला. १९६६ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. पण हे विकर मोठं नाजूक. सीरम वेगळं करून लगेच अ‍ॅसेटिक आम्लाचा थेंब टाकायचा, नाहीतर बर्फात ठेवायचं. एकदा तालुक्याहून नमुना थर्मासमध्ये निघाला, गाडी वाटेत बंद पडली, बर्फाचं पाणी झालं. आकडा अगदी नॉर्मल आला. रुग्णाचा कणा एक्स-रेत पांढराफटक दिसत होता. त्या दिवसापासून आकड्याआधी मी नमुन्याची वेळ वाचतो.

तेव्हा काटोलच्या त्या मुलाला सांगणं एवढंच : रिपोर्टावर नळी घातल्याची तारीख लिहून ठेवा आणि बोटाची तपासणी आत्ताच करून घ्या, तिच्यासाठी थांबू नका. मात्र वडिलांची पाठ सतत दुखत असेल किंवा पायातली ताकद जात असेल, तर सहा आठवडे मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी नागपूर गाठा.