दोन थेंब आणि आईचा होकार

३१ जानेवारी २०२१. यवतमाळच्या घाटंजी तालुक्यातल्या कापसीकोपरी गावात १२ बालकांना पोलिओच्या लसीऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने लहानग्यांच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते. सुदैवाने सगळी बचावली. अशा चुकीनंतर एखादी आई बूथवर जायला नाहीच म्हणाली, तर तिच्यावर सक्ती करायची? कोविड लसीच्या खटल्यात २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लसीची बळजबरी नाकारली. मला ते पटतं. पण पोलिओचा विषाणू आतड्यात वाढतो, विष्ठेवाटे पाण्यात मिसळतो. एका घराचा नकार शेजारच्या तान्ह्याला भोवू शकतो. म्हणून होकार मिळवायलाच हवा. तो विश्वासाने मिळतो. लसीच्या कुपीच्या लेबलवर जांभळ्या वर्तुळात फिकट चौकोन असतो. उष्णतेने लस बिघडत गेली की तो गडद होतो. तो चौकोन आधी आईला दाखवा, मग थेंब पाजा.