रात्रीचा बॅकअप आहे, मग दिवसाच्या नोंदींचं काय?

समजा, टेंभुर्णीतल्या एखाद्या पतसंस्थेचा सर्व्हर दुपारी 3 वाजता बंद पडला. बॅकअप आहे रात्री 12 चा. मग दिवसभराच्या नोंदी गेल्या? आर्काइव्ह लॉग जपले असतील, तर नाही. डेटाबेस ही खतावणी मानली, तर लॉग म्हणजे रोजकीर्द. त्यात प्रत्येक बदल क्रमाने असतो. आधी बॅकअप बसवायचा, मग त्यावर लॉग लावायचे.

अडचण येते जागेची. लॉगने डिस्क भरली की ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये नव्या नोंदी थांबतात. घाईत मधला एक लॉग जरी उडवला, तरी पुढचे लागत नाहीत. म्हणून आधी दुसरीकडे प्रत, मगच डिलीट.

2017 मध्ये गिटलॅब या मोठ्या टेक कंपनीचे नेहमीचे बॅकअप ऐनवेळी कामी आले नाहीत. सुमारे 6 तासांचा डेटा गेला. त्यामुळे बॅकअप नुसता घेऊ नका, अधूनमधून परत बसवूनही पाहा.