ट्रॉलीच्या चाकातलं ग्रीस



घर्षण शिकवताना आपण खडबडीत फरशी, गुळगुळीत फरशी आणि कॅरमवरची पावडर एवढं सांगून पुढे जातो. उसाच्या पट्ट्यातल्या शाळेत मात्र याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुलांच्या अंगणातच उभं असतं. ते म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. हंगाम सुरू झाला की याच ट्रॉल्या टनावारी ऊस भरून शाळेसमोरच्या रस्त्याने जातात, आणि बाजूने आपली मुलं सायकलवर येत असतात. भरल्या ट्रॉलीचं चाक रस्त्यात निखळणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. म्हणून आजचा पाठ मुलांइतकाच पालकांसाठीही आहे.

चाक ज्या गोल लोखंडी भागावर बसतं तो हब. हबच्या आत दोन बेअरिंग असतात. एक आतल्या बाजूला, म्हणजे ट्रॉलीकडे, आणि दुसरं बाहेरच्या बाजूला, टोपीखाली. या बेअरिंगमध्ये गोल गोळ्या नसतात. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असे छोटे रोलर तिरपे बसवलेले असतात. तिरपे कशाला? ट्रॉलीचं वजन वरून खाली येतं, पण वळणावर चाकाला बाजूनेही रेटा बसतो. तिरपा रोलर दोन्ही भार पेलतो. अमेरिकेतल्या हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली अशा बेअरिंगचं पेटंट घेतलं. ते स्वतः घोडागाड्या बनवणारे होते. म्हणजे हे बेअरिंग मोटारीच्या नव्हे, गाड्यांच्या कारखान्यातून आलं. आपल्याकडे बैलगाडीच्या आखाला वंगण लावायचे, त्याचाच हा पुढचा वर्ग समजा.

आता ग्रीस. ग्रीस म्हणजे घट्ट तेल, असं मुलं सांगतात. खरं तर ते तेल आणि साबण यांचं मिश्रण आहे. हा साबण अंगाला लावायचा नव्हे, बहुतेक वेळा लिथियमचा असतो. स्पंज जसं पाणी धरून ठेवतो तसा हा साबण तेल धरून ठेवतो आणि गरजेप्रमाणे थोडं थोडं सोडतो. काम तेलच करतं. रोलर आणि त्याची वाटी यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहतो, त्यामुळे लोखंडाला लोखंड घासत नाही. जुन्या ग्रीसमधलं तेल निघून गेलं की मागे सुकलेला साबण उरतो. बाहेरून ग्रीस दिसतं, पण वंगण संपलेलं असतं.

इथेच नेहमीची चूक होते. वर्षातून एकदा टोपी काढायची, बोटाने त्यात ग्रीस कोंबायचं, टोपी ठोकून बसवायची, आणि ग्रीसिंग झालं म्हणायचं. ते ग्रीस टोपीत आणि नटाभोवतीच बसून राहतं. आतल्या बेअरिंगपर्यंत ते जातच नाही. आणि बऱ्याचदा आधी खराब होतं ते आतलंच, कारण चिखलपाणी त्या बाजूने येतं. काही हबना ग्रीस भरायचं निप्पल असतं. त्यातून पंप मारला की नवं ग्रीस आत जातं हे खरं, पण आतलं जुनं ग्रीस, गंज आणि पाणी तिथंच राहतं. पंप जास्त मारला तर मागचं रबरी सील बाहेर ढकललं जातं. एकदा सील गेलं की पाण्याला वाट मोकळी.

उसाच्या ट्रॉलीचं बेअरिंग नुसतं पळून खराब होत नाही, उभं राहूनही होतं. उन्हाळ्यात गाळप संपतं आणि मग दिवाळीच्या सुमारापर्यंत ट्रॉली बांधावर पावसात भिजत असते. चाक फिरत नाही. रोलर एकाच जागी टेकून राहतात आणि पाणी शिरलं असेल तर नेमका तिथेच गंज धरतो. म्हणून हब उघडायची योग्य वेळ दसऱ्याच्या आधीची. नाहीतरी खंडेनवमीला आपण अवजारं धुऊन पुजतोच. फक्त जोराच्या पाण्याचा फवारा हबच्या मागच्या बाजूवर मारू नका, सीलमधून पाणी आत जातं.

काम घरी करता येतं, पण आधी सुरक्षितता. ट्रॉली रिकामी हवी, जमीन सपाट आणि घट्ट हवी, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावलेले हवेत. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. ॲक्सलखाली मजबूत स्टँड किंवा जाड लाकडी ओंडके द्यायचे. बघायला आलेली मुलं चार हात लांब उभी करा. पाना द्यायलासुद्धा खाली बोलावू नका.

चाक काढलं की टोपी, मग स्प्लिट पिन, नट, वॉशर आणि बाहेरचं बेअरिंग निघतं. हब ओढून घेतला की आतलं बेअरिंग सीलसकट त्याच्याबरोबर येतं. सील काढताना बहुधा खराब होतं, ते नवंच घ्या. कुठलं बेअरिंग कुठल्या चाकाचं ते वेगळं ठेवा, एकमेकांत मिसळू नका. सगळं डिझेल किंवा रॉकेलने धुऊन स्वच्छ फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हवेच्या पाइपने बेअरिंग गरगर फिरवायची हौस अनेकांना असते. ती धोक्याची आहे, रोलर सुटून उडू शकतो.

मग उजेडात नीट बघा. रोलरवर किंवा वाटीवर खड्डे, सोललेला पत्रा, गंजाच्या रेघा किंवा तापून आलेली निळसर छटा दिसली, तर ते बेअरिंग गेलं. नवं बसवताना वाटीही नवीच हवी. जुन्या वाटीत नवे रोलर फार टिकत नाहीत. वाटी काढणं-बसवणं गॅरेजवाल्याकडून करून घेतलेलं बरं.

ग्रीस घेताना डब्यावर व्हील बेअरिंगसाठी चालेल असं लिहिलंय का ते पाहा. रंगावरून ग्रीस ओळखू नका, आणि जुन्यात दुसऱ्या प्रकारचं मिसळू नका. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहा. रोलरच्या फटींतून ग्रीस दुसऱ्या टोकाला वर आलं की बेअरिंग थोडं फिरवून पुढचा भाग घ्या. पूर्ण फेरा झाला पाहिजे. या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. हबच्या आत भिंतीला थर द्या, पण पोकळी गच्च भरू नका. जास्त ग्रीस घुसळून तापतं.

नट आवळताना बळ उपयोगाचं नाही. चाक हाताने फिरवत नट घट्ट करा म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग सैल करा आणि पुन्हा बोटांनी बसेल एवढाच आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर जवळच्या खाचेपर्यंत नट सैल करा, आवळू नका. पिन दरवेळी नवी. जुनी सरळ करून परत घालणं म्हणजे दहा-वीस रुपयांसाठी चाक पणाला लावणं. शेवटी टायर वर आणि खाली धरून हलवा. खडखड प्ले जाणवायला नको, आणि फिरवल्यावर चाक घरघर न करता सहज फिरायला हवं. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा.

त्या फेरीनंतर हबला जपून हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात टेकवत नसेल किंवा एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल, तर भरलेली खेप नेऊ नका.

शिक्षकांसाठी एक जोड. जुनं धुतलेलं बेअरिंग वर्गात आणा. त्यावर बहुतेक वेळा क्रमांक कोरलेला असतो, समजा ३२२१०. शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणा : १० गुणिले ५, म्हणजे आतलं भोक ५० मिलिमीटर. ३०२०६ असेल तर ३० मिलिमीटर. मुलांना आधी गणित करू द्या, मग पट्टीने मोजायला लावा. हा नियम मिलिमीटरच्या मापातल्या बेअरिंगना, शेवटचे अंक ०४ किंवा पुढचे असतील तेव्हा लागू होतो. इंचाच्या मापाच्या बेअरिंगना लागत नाही, त्यामुळे एखाद्या मुलाचं उत्तर पट्टीशी जुळलं नाही तर त्याला चूक देऊ नका, आधी बेअरिंग कुठल्या मापाचं आहे ते बघा.