आपत्काळातील जादा काम व त्याचा मोबदला

दानशूर व्यापारी, जमीनदार व इतर आश्रयदाते ह्यांस सविनय विनंती विशेष.

सरकारी नोकरांस त्यांच्या जादा कामाबद्दल ह्या निधीतून काही द्यावे काय, असा प्रश्न सहज उद्भवतो. आमचा अभिप्राय असा की, मोबदला त्यांना अवश्य मिळावा. मात्र तो आपल्या दानातून नव्हे, तर सरकारी तिजोरीतून.

हे काम केवढे असते, ते ह्या प्रांताने पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीस भूकंप झाला. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन लातुरास आली. ढिगारे उपसणे किंवा पाणी उतरवून वाटणे ही कामे घड्याळ पाहून होत नाहीत. अतिवृष्टीनंतर नांदेडकडील शिवारात पंचनामे करणारा नोकर दिवसभर चिखल तुडवितो व रात्री याद्या लिहितो. कित्येकदा त्याचे स्वतःचे घरही पाण्यात असते.

आता कायदा पाहावा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 ह्याच्या कलम 65 अन्वये सरकार आपली गुदामे व वाहने ताब्यात घेऊ शकते; परंतु कलम 66 अन्वये स्थानिक दर पाहून त्यांची भरपाई द्यावी लागते. कर्तव्य सोडणाऱ्या अधिकाऱ्यास कलम 56 एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड सांगते. जादा तासांच्या मोबदल्याविषयी मात्र हा कायदा मौन धरतो. म्हणजे मालमोटारीस भाडे, चुकणाऱ्यास शिक्षा आणि रात्रभर राबणाऱ्यास केवळ शाबासकी!

महामारीच्या सबबीवर कारखान्यातील कामगारांचा जादा कामाचा दुप्पट दर बुडविता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी गुजरातच्या प्रकरणी दिला. तो सरकारी कचेऱ्यांस थेट लागू नाही. त्यातील न्यायबुद्धी मात्र सर्वत्र सारखीच आहे.

‘पगार मिळतोच, मग वेगळे कशाला?’ असे कोणी म्हणतील. परंतु हंगामात रात्री जागणाऱ्या मुनिमास आपण दिवाळीस रिकाम्या हाताने पाठवीत नाही. शिवाय थकल्या हाताने यादीतील एक गट नंबर सुटला, तर एका कुटुंबाचे अनुदान बुडते. आणि हक्काचे न मिळालेला हात चिरीमिरीकडे वळला, तर भुर्दंड आपद्ग्रस्तासच पडतो.

सबब जादा तासांची रोजची नोंद ठेवावी, ठरीव दराने मोबदला किंवा बदली रजा द्यावी, आणि ती रक्कम आपत्ती ओसरताच चुकती करावी, असा अर्ज सरकारकडे करावयाचा आहे. त्यावर आपण सही करावी. आपले दान मात्र सर्वस्वी आपद्ग्रस्तांच्याच पदरी पडेल. कळावे, लोभ असावा, ही विनंती.