पायथन फाईल कुठे शोधतो?

“मॅडम, एक अक्षरही बदललं नाही, तरी ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ येतंय.” प्रोजेक्टच्या दिवसांत आमच्या लॅबमध्ये ही तक्रार सतत कानावर येते, आणि मुलं खरंच बोलत असतात. कोड तोच असतो. या वेळी फक्त दुसरी फाईल थेट चालवलेली असते.

‘इम्पोर्ट’ लिहिलं की पायथन सगळा संगणक धुंडाळत नाही. त्याच्याकडे फोल्डरांची एक यादी असते, तिचं नाव ‘सिस डॉट पाथ’. यादीत पहिला मान आपण चालवलेली फाईल ज्या फोल्डरात आहे त्याचा. मग ‘पायथनपाथ’मध्ये काही नोंदवलं असेल तर ते, मग पायथनची स्वतःची लायब्ररी आणि शेवटी ‘पिप’ने आणलेली पॅकेजेस. नाव पहिल्यांदा जिथे सापडेल तिथे शोध थांबतो.

म्हणून फाशांचा खेळ लिहिणारी मुलगी फाईलला ‘रँडम डॉट पीवाय’ नाव देते, तेव्हा ‘इम्पोर्ट रँडम’ म्हटल्यावर तिला तिचीच फाईल मिळते. मग ‘रँडिंट’ कुठून सापडणार? अशा वेळी फाईलचं नाव बदला, असं २०२४ साली आलेली ३.१३ आवृत्ती स्वतःच सुचवते. नवशिक्यांसाठी ही फार मोलाची सुधारणा आहे.

प्रोजेक्ट वाढून पोटफोल्डर आले की मुलं एक उपाय करतात: प्रत्येक फाईलच्या डोक्यावर ‘सिस डॉट पाथ डॉट अपेंड’ आणि पुढे स्वतःच्या डेस्कटॉपचा पूर्ण पत्ता. त्यांच्या लॅपटॉपवर हे चालतं. परीक्षकांच्या संगणकावर तो पत्ताच नसतो, आणि महिनोन्‌महिन्यांची मेहनत पहिल्या ओळीलाच अडते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण खरा उपाय अवघड नाही.

आतली फाईल थेट चालवू नका. टर्मिनलमध्ये प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरात या आणि ‘पायथन डॅश एम’ लिहून पुढे ‘वाचनालय डॉट नोंदी’ असं मॉड्यूलचं नाव द्या, शेवटचं ‘डॉट पीवाय’ न लावता. मग यादीत मुख्य फोल्डर पहिला येतो, आणि टिंबाने सुरू होणारे सापेक्ष इम्पोर्टही चालतात. काम मोठं असेल तर ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’ लिहा आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘पिप इन्स्टॉल डॅश ई डॉट’ करा. आपला प्रोजेक्टही तिथे इतर पॅकेजेससारखाच सापडतो.

आणि पुन्हा कधी मॉड्यूल सापडलं नाही, तर कोडला हात लावण्याआधी ‘सिस डॉट पाथ’ छापून पाहा.