इंग्रजीच्या भेंड्या

सांगलीच्या विश्रामबागेतल्या मराठी शाळेतल्या पोरांना भेंड्या शिकवाव्या लागत नाहीत. सहलीची एसटी सांगली-मिरज रस्त्याला लागली की त्या सुरूच होतात. हाच खेळ इंग्रजीच्या तासाला घेऊन बघा. एक मूल 'केक' म्हणतं, पुढचं 'किंग' म्हणून मोकळं होतं. बाई फळ्यावर केक लिहितात, शेवटी 'ई' दिसतो आणि वर्गात कालवा उठतो, "बाई, ईवरनं पायजे! एग, एग!" मराठीत आपण ऐकू आलेलं अक्षर धरतो, इंग्रजीत स्पेलिंगमधलं धरावं लागतं. केकमधला तो मुका 'ई' दहादा लिहून ठसत नाही, तो या भांडणात ठसतो.

२००० साली राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. पण शब्द, अर्थ, पाच वेळा लिहा, ही रीत बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली.

खेळात मजा येते हे खरं, पण शब्द पक्का होतो तो आठवण्याच्या धडपडीमुळे. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये एक प्रयोग मांडला. विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थांसह दिले. शब्द एकदा आल्यावरही ज्यांना तो पुन्हा पुन्हा आठवायला लावला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आले. आलेला शब्द ज्यांनी नुसता वाचत ठेवला, त्यांची मजल एकतृतीयांशाच्या आसपास राहिली.

म्हणून सगळे खेळ सारखे नाहीत. जोड्या लावताना उत्तर समोरच असतं, डोक्याला ताण कमी. भेंड्यांतही पुढच्या बाकावरची दोघं-तिघंच ओरडत राहतात. मला त्याहून 'नाव-गाव-फळ-फूल' आवडतो, कारण तिथे प्रत्येकाला कागदावर लिहावंच लागतं. 'जी' आला की द्राक्षबागेतलं पोर 'ग्रेप्स' लिहिणारच. मसाल्याचा एक रकाना वाढवा, 'टी'ला 'टर्मरिक' येतं का बघा. हळद तर सांगलीच्या बाजारातलीच.

शिकलेलं सुरुवातीलाच सर्वांत वेगाने विसरलं जातं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं होतं. तेव्हा शिक्षकांना विनंती, सोमवारचे शब्द बुधवारी आणि पुन्हा पुढच्या आठवड्यात खेळात आणा. पुस्तकं मात्र दप्तरात ठेवायला सांगा. दहा मिनिटं पुरतात.